घाटपायथ्याचे ऐकणे : पॉडकास्टचा एक मागोवा

कर्जतहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा लोहमार्ग सुमारे १०० किलोमीटरचा आहे आणि लोकलने तो कापायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. खोपोलीहून निघणाऱ्याला त्यात आणखी १५ किलोमीटर मिळवावे लागतात. या वेळात डब्यातल्या पुष्कळांच्या कानांत आज इयरफोन असतात. कुणी एखाद्या नटाची दीड तासाची ऐसपैस मुलाखत ऐकत असतो, कुणी हप्त्याहप्त्याने येणारी रहस्यकथा, तर कुणी पक्षफुटीच्या कारणांची चर्चा. मुलाखत, गोष्ट आणि राजकारण ही पॉडकास्टची तीन ठळक अंगे. हा प्रकार जन्माला येऊन जेमतेम वीस वर्षे झाली असली, तरी त्याची ही तिन्ही अंगे कितीतरी जुनी आहेत. ती कुठून आली, वाटेत एकमेकांपासून कशी दुरावली आणि पुन्हा एकत्र कशी आली, हे पाहायला आपण मुद्दाम कर्जत-खालापुरात उभे राहू. याचे कारण भूगोलात आहे. हे दोन्ही तालुके बोरघाटाच्या पायथ्याशी आहेत. कोकणातून देशावर जाणाऱ्याला घाट चढण्यापूर्वी इथे थांबावे लागले. आधी लमाणांचे बैल थांबले, मग पालख्या, मग आगगाडीचे इंजिन आणि आता टोलनाक्यावर मोटारी. थांबलेला माणूस बोलतो आणि दुसऱ्याचे ऐकतोही. म्हणून बोलण्या-ऐकण्याच्या इतिहासातले बरेच टप्पे या पायथ्यावरून दिसतात.

या वाटेवरचा सर्वांत जुना थांबा म्हणजे कोंढाण्याची लेणी. कर्जतजवळ राजमाचीच्या पोटातली ही बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीच्या काळातली मानली जातात. तिथल्या ब्राह्मी लेखात कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केल्याची नोंद आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल घाटावर नेणारे तांडे याच डोंगराच्या आसपासून जात. भिक्खूंचे वर्षावास अशा लेण्यांत होत आणि धर्म कानांनीच पसरे. तिथून आपण १३ व्या शतकात, विदर्भातल्या ऋद्धिपुरात येऊ. श्रीचक्रधरस्वामी गेल्यानंतर त्यांच्या आठवणी विरून जाऊ नयेत म्हणून म्हाइंभटांनी एक काम हाती घेतले. ज्यांनी स्वामींना पाहिले, ज्यांच्याशी स्वामी बोलले, त्या माणसांना गाठून ते विचारू लागले. कोणती लीळा कुठे घडली, तेव्हा कोण हजर होते, स्वामी नेमके काय म्हणाले. त्यातून इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ म्हणजे एका अर्थी मुलाखतींचा संग्रहच आहे. विचारणारा मागे राहतो, सांगणारा पुढे येतो आणि साध्या बोलीतले वाक्य जसेच्या तसे टिकते. मराठी मुलाखतीचे घराणे शोधायचे तर त्याचा मूळपुरुष इथे सापडतो.

गोष्ट आणि टीका या दोन अंगांना मात्र देवळाच्या सभामंडपाने सांभाळले. खालापूर तालुक्यातले महडचे वरदविनायकाचे मंदिर १७२५ मध्ये कल्याणचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधले असे सांगतात. अष्टविनायकांपैकी एक असल्याने इथे यात्रेकरूंची वर्दळ अखंड राहिली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या कारभाराची सूत्रे हलवणाऱ्या नाना फडणविसांनी खोपोलीत तलाव आणि महादेवाचे मंदिर बांधले, ते घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या सोयीचे ठिकाण झाले. अशा जागी कीर्तन रंगे. नारदीय कीर्तनाची बांधणी आपण नीट पाहिली, तर आजच्या कित्येक कार्यक्रमांचा आराखडा तिच्यात दिसतो. पूर्वरंगात एखादा विचार मांडायचा, त्याला दाखले द्यायचे, चालू काळाला चिमटे काढायचे आणि उत्तररंगात त्या विचाराला साजेसे आख्यान लावायचे. तमाशाने हेच काम वेगळ्या थाटात केले. बतावणीत सोंगाड्या पाटलाची, सावकाराची, कारभाऱ्याची खिल्ली उडवी, सवाल-जवाबात दोन बाजू एकमेकींना अडवून पाहत आणि मग वगाची गोष्ट सुरू होई. मुद्दा असा की या जुन्या प्रकारांत चर्चा, गोष्ट आणि प्रश्नोत्तरे वेगवेगळ्या कप्प्यांत नव्हती. एकाच रात्री, एकाच जागी, एकाच श्रोत्याला तिन्ही मिळत. शिवाय श्रोता गप्प नसे. तो नामघोषात सूर मिळवी, गोष्टीला हुंकार देई आणि फड आवडला नाही तर तसे तोंडावर सांगे.

१९ व्या शतकात या बोलण्याला छापखाना भेटला. भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ साप्ताहिक १८४१ मध्ये निघाले आणि १८४८ पासून त्यात लोकहितवादींची शतपत्रे येऊ लागली. राज्य का गेले, समाज कुठे चुकला, यावर एक माणूस दर आठवड्याला आपल्या भाषेत बोलू लागला. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली ती जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात. धोंडीबा विचारतो, शंका काढतो, जोतीराव उत्तर देतात. प्रवचनापेक्षा प्रश्नोत्तर सामान्य माणसाच्या गळी लवकर उतरते, ही जाण त्यामागे होती. याच काळात घाटपायथ्याचे रूपही पालटले. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे सुरू झालेली आगगाडी १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली आणि तिथेच अडली, कारण पुढे घाट होता. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला, पण मधला चढ पालखीतून, तट्टावरून किंवा पायीच पार करावा लागे. १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला, तेव्हा गाडी कर्जत-पळसदरीवरून सरळ वर चढू लागली. खोपोलीचा फाटा बाजूला पडला आणि कर्जत हे थांब्याचे ठाणे बनले. चढासाठी गाडीला मागून जोडली जाणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावायला गाडी तिथे थांबे. त्या मिनिटांनीच पुढे कर्जतच्या फलाटावरचा बटाटेवडा प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रेही याच मार्गाने आली. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचे, बाकीचे भोवती बसून ऐकत. म्हणजे छापलेला शब्दही खेड्यात पुन्हा कानांतूनच उतरत होता. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तर पुढच्या शतकाच्या आरंभी डॉ. दत्तोपंत पटवर्धनांनी राष्ट्रीय कीर्तन घडवले. त्यात पूर्वरंग स्वदेशीचा आणि उत्तररंग शूरांच्या आख्यानाचा झाला.

यानंतरचे वळण विजेचे आहे आणि त्याचे मूळ थेट खालापुरात आहे. घाटमाथ्यावर पडणारा अफाट पाऊस धरणांत अडवायचा, नळांतून खाली खोपोलीला सोडायचा आणि त्यावर जनित्रे फिरवायची, ही टाटांची योजना १९१५ मध्ये प्रत्यक्षात आली. खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे धावू लागली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. अशा विजेवर जगणाऱ्या मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र उघडले. ती खासगी कंपनी लवकरच बुडाली, सरकारने केंद्र ताब्यात घेतले आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. इथे एका दुराव्याला सुरुवात झाली. गाणे, श्रुतिका, कथा, शेतीचा सल्ला या गोष्टींना आकाशवाणीत जागा होती. राजकारणावर मोकळे बोलायला नव्हती. बातमी सरकारची, भाष्यही सरकारला चालेल तेच. कीर्तनकाराच्या एकाच तोंडात नांदणारी तीन अंगे आता विलग झाली. दुसऱ्या महायुद्धात लंडनहून बीबीसीनेही मराठीत बोलायला सुरुवात केली. जॉर्ज ऑर्वेल यांच्यासोबत काम केलेल्या वेणू चितळे तिथल्या आवाजांपैकी एक होत्या. पण तेही शेवटी साम्राज्याचेच केंद्र होते.

या मक्तेदारीला पहिले उत्तर १९४२ मध्ये मिळाले आणि त्या वर्षी मुंबई व कर्जत यांच्या कथा एकमेकींना समांतर चालल्या. २७ ऑगस्ट रोजी मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. पोलिसांना ठावठिकाणा लागू नये म्हणून प्रक्षेपक एका घरातून दुसऱ्या घरात हलवला जाई. सेन्सॉरने दाबलेल्या बातम्या, राममनोहर लोहियांसारख्या नेत्यांची भाषणे असे त्याचे स्वरूप होते. १२ नोव्हेंबरला छापा पडून तो बंद झाला. जेमतेम अडीच महिन्यांचे आयुष्य, पण परवान्याविना, स्टुडिओविना काही माणसे आपल्या आवाजात राजकारण बोलू शकतात, हे त्याने दाखवून दिले. त्याच हंगामात इकडे माथेरानमध्ये जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल ‘आझाद दस्ता’ उभा करत होते. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि मुलांसाठी शाळा काढलेला हा माणूस कर्जतच्या वाड्या-पाड्यांत ओळखीचा होता. दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. राजधानीचा आवाज ज्या विजेवर चालतो, तिच्यावरच घाव घालण्याची ती युक्ती होती. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. दस्त्याजवळ प्रक्षेपक नव्हता. त्यांचा निरोप माणसाकडून माणसाकडे, डोंगरवाटांनीच फिरत राहिला.

स्वातंत्र्यानंतर रेडिओ घराघरांत पोहोचू लागला. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले आणि १९५५ च्या रामनवमीपासून तिथून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले. सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. वर्षभर, दर आठवड्याला एक नवे गीत, अशी ५६ गीते झाली. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी पुढच्या भागाची वाट पाहण्याची सवय मराठी कानांना तिथे पक्की लागली. आज ज्याला आपण ‘एपिसोड’ म्हणतो, त्याचे मराठीतले हे सर्वांत देखणे पूर्वरूप. पण याहून मोलाचा आणि जवळजवळ विस्मरणात गेलेला प्रयोग पुढच्याच वर्षी झाला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्राने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतल्या १५० खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतेमंडळे स्थापली. कॅनडातल्या शेतकरी-श्रोतेमंडळांवरून कल्पना घेतली होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम. गावातली मंडळी रेडिओभोवती जमत, ऐकत, मग आपापसांत चर्चा करत आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात येत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचा अभ्यास केला, तेव्हा नुसते ऐकणाऱ्या गावांपेक्षा ऐकून बोलणाऱ्या गावांत कितीतरी अधिक माहिती रुजल्याचे दिसले. सभामंडपातला बोलका श्रोता यंत्राच्या युगातही जिवंत ठेवता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे योजना देशभर नेली गेली, पण ती सरकारी दप्तरात हळूहळू विरली.

सरकारी माध्यमात जे मावत नव्हते, त्याला रंगमंचाने आसरा दिला. १९६१ मध्ये पु. ल. देशपांडे ‘बटाट्याची चाळ’ घेऊन एकटे उभे राहिले. त्याच दशकापासून व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव नेले. कसलेही नेपथ्य नाही, वाद्य नाही, एक माणूस आणि एक मायक्रोफोन, तरी हजारो लोक खिळून राहत. कॅसेट आल्यावर हे आवाज घरात आणि एसटीच्या प्रवासात शिरले. गोष्ट पहिल्यांदाच सांगणाऱ्यापासून सुटली आणि ऐकणाऱ्याच्या सवडीने वाजू लागली. तिकडे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्याने लेखक-कलावंतांना समोर बसवून बोलते केले आणि पुढे सुधीर गाडगीळांसारख्या मुलाखतकारांनी प्रकट मुलाखत हा तिकीट काढून ऐकण्याजोगा प्रकार बनवला. समोरच्याला बोलते करणे ही स्वतंत्र कला आहे, हे मराठी श्रोत्याने तेव्हा ओळखले. या परंपरेचा अलीकडचा गाजलेला नमुना म्हणजे २१ फेब्रुवारी २०१८ रोजी पुण्यात राज ठाकरे यांनी घेतलेली शरद पवारांची मुलाखत. एका राजकारण्याने दुसऱ्याला जाहीरपणे प्रश्न विचारले, महाराष्ट्राने ते थेट पाहिले आणि नंतर मोबाइलवर पुन्हापुन्हा ऐकले.

मग राजकीय चर्चा रेडिओवर का परतली नाही? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात निर्णय दिला की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. त्यानंतर खासगी एफएम वाहिन्या आल्या, २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचे दार उघडले. साताऱ्यातल्या म्हसवडचा ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हा रेडिओ याच वाटेने उभा राहिला. परंतु एक अट कायम राहिली. खासगी वाहिनीला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी लावता येतात. त्यामुळे एफएमवर गाणी वाजली, निवेदकांची चुरचुरीत बडबड झाली, पण तालुक्यातल्या धरणाचे पाणी कुठे जाते, हा प्रश्न तिथे निघाला नाही. पॉडकास्टवर राजकीय चर्चा एवढी का फोफावली, याचे निम्मे उत्तर या अटीत आहे. ज्या बोलण्याला ७०-८० वर्षे परवाना मिळाला नाही, ते परवाना न लागणाऱ्या पहिल्या दारातून बाहेर पडले.

ते दार परदेशात उघडले. २००० नंतर डेव्ह वायनर यांनी संकेतस्थळांच्या सूचनापत्रातून ध्वनिफीतही आपोआप पोहोचावी अशी तजवीज केली, २००४ मध्ये ॲडम करी यांनी ती लोकप्रिय केली, त्याच वर्षी ‘पॉडकास्ट’ हे नाव इंग्रजी वृत्तपत्रात उमटले आणि २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये त्याला जागा दिली. मराठीला हे दार गवसायला आणखी दशक लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि खेड्यातला माणूसही तासभर आवाज ऐकण्याची चैन करू शकला. २०१७ च्या अखेरीस आलेल्या स्टोरीटेलने मराठी कथा-कादंबऱ्या आवाजात आणल्या. त्याच वर्षी बीबीसी मराठी नव्याने सुरू झाली आणि ‘तीन गोष्टी’, ‘सोपी गोष्ट’, ‘गोष्ट दुनियेची’ अशा मालिकांतून बातमीमागचे कारण सांगू लागली. ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’, ‘दिल के करीब’, ‘थिंक बँक’ अशी नावे लोकांच्या तोंडी रुळली. यांतले बहुतेक कार्यक्रम पाहताही येतात आणि नुसते ऐकताही येतात. कलावंताची घडण, घरातली नाती, मनाचे आजार, साखर कारखान्यांचे राजकारण, आरक्षणाचा तिढा, सगळे एकाच पडद्यावर शेजारी शेजारी आले. कीर्तनाच्या मंडपातून वेगळी झालेली तीन अंगे पुन्हा एका जागी नांदू लागली. सांगणाऱ्याला घड्याळाची घाई राहिली नाही, हा त्यातला मोठा लाभ. दूरचित्रवाणीवरच्या आठ चौकटींच्या आरडाओरड्याला कंटाळलेल्या श्रोत्याला एकाच माणसाचे संपूर्ण वाक्य ऐकायला मिळू लागले.

कर्जत-खालापुरात हे ऐकणे चांगलेच रुजले, कारण इथल्या माणसाकडे प्रवासाचा वेळ आहे. पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणारा नोकरदार, खोपोलीच्या कारखान्यांत पाळी बदलून परतणारा कामगार, द्रुतगती मार्गावर खालापूर टोलनाक्यापाशी रांगेत उभा असलेला चालक, या सर्वांचे हात किंवा डोळे कामात गुंतलेले आणि कान मोकळे. एकेकाळी अशाच डब्यात टाळ वाजत, भजनी मंडळे दादरपर्यंत अभंग म्हणत जात. अजूनही काही डब्यांत ती आहेत, पण शेजारच्या बाकावर आता प्रत्येकाचे ऐकणे वेगळे आहे. म्हाइंभटांपासून १९५६ च्या श्रोतेमंडळांपर्यंत आपण ज्या वाटेने आलो, तिच्यावर ऐकणे ही सहसा सामुदायिक गोष्ट होती. पॉडकास्टने निवड दिली, निवांतपणा दिला, राजकारणाला परवान्यातून सोडवले; हुंकार मात्र हिरावून घेतला. श्रोता खाली दोन ओळी लिहू शकतो, पण सांगणाऱ्याला मध्येच अडवून ‘हे खरे कशावरून?’ असे विचारू शकत नाही. त्यामुळे पाहुणा चुकीचे बोलला तरी ते तसेच लाखोंपर्यंत जाते. जाणकार मुलाखतकाराची गरज पूर्वी होती त्याहून आज म्हणूनच अधिक आहे.

आणखी एक उणीव या पायथ्यावरून विशेष जाणवते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा डोंगर चढून वाहिन्या तिथे पोहोचल्या. काही दिवस ठाकूर समाजाची माणसे पडद्यावर दिसली आणि मग विषय बदलला. घाटपायथ्याचा सर्वांत जुना रहिवासी असलेला ठाकूर आणि कातकरी मराठी पॉडकास्टच्या खुर्चीवर क्वचितच दिसतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाचा हिशेब, वनहक्काच्या दाव्यांची रखडपट्टी, फार्महाउससाठी विकल्या गेलेल्या जमिनींची कथा, आझाद दस्त्याला भाकरी पोहोचवणाऱ्या वाड्यांत आजीकडून नातवाकडे आलेल्या आठवणी, हे सारे मुलाखत, गोष्ट आणि राजकारण या तिन्ही अंगांचे ऐवज आहेत. साधने आता महाग उरलेली नाहीत. मोबाइलच ध्वनिमुद्रक आहे आणि कुठल्याही केंद्राची परवानगी लागत नाही. लागते ती म्हाइंभटांची चिकाटी. ज्याने पाहिले त्याच्याकडे स्वतः जायचे, नीट विचारायचे, त्याच्या बोलीला हात न लावता टिपून घ्यायचे आणि दोन माणसांनी वेगळे सांगितले तर दोन्ही नोंदवायचे. सातशे वर्षांपूर्वी मराठी गद्याची सुरुवात ज्या पद्धतीने झाली, तीच पद्धत मराठी पॉडकास्टला पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंतून बाहेर काढून तालुक्यांपर्यंत आणू शकेल.